समोरून मारू नकोस

लष्करी रुग्णालय, वॉर्ड चार
३ जुलै १९४०

एलुनेड,

आजच्या पेपरात तुझा फोटो आलाय. कारखान्याच्या फाटकात खोक्यावर उभी आहेस, डोक्याला रुमाल, आणि हातात आमच्या रणगाडाविरोधी रायफलीची गोळी मेणबत्तीसारखी धरली आहेस. खाली छापलंय, "वीरपत्नी म्हणते, याच गोळीने माझ्या नवऱ्याने जर्मन रणगाडा जाळला."

शेजारच्या खाटेवरच्या माणसानं ते मोठ्यानं वाचलं आणि अख्खा वॉर्ड हसला. हसले कारण इथले निम्मेअधिक फ्रान्समधून परत आलेत आणि त्या रायफलीमागे झोपलेले आहेत. "कशाने जाळला म्हणे? काडेपेटीने?" असं एकजण ओरडला. मी चहाचा मग त्याच्या अंगावर फेकला. मग त्याला सांगितलं की ती माझी सख्खी बहीण आहे आणि मेलेला तेगीड माझा मेहुणा. माझं डोकं अजून शांत होत नाही.

कोणी सांगितलं तुला हे? कोणत्या हरामखोरानं तुला त्या खोक्यावर चढवलं?

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर लागलं नाही तर आईला वाचायला देऊ नकोस.

इदवाल


नँटवेन
७ जुलै

इदवाल,

बरं झालं, हात तरी हलला तुझा. तेगीड जाऊन महिना उलटून गेला, तुझी एक ओळ नाही. आई रोज पोस्टमनच्या वाटेवर उभी. रुग्णालयातल्या बाईंनी पत्र टाकलं म्हणून कळलं तू जिवंत आहेस. आणि आता पहिलं पत्र येतं ते माझ्यावर खेकसायला!

मला कॅप्टन लॅस्कॉम यांनी सांगितलं. तुमच्याच तुकडीचे. चांगलं दोन पानी पत्र, स्वतःच्या हातचं. लिहिलंय, "तुमच्या पतीने अतुलनीय धैर्याने गोळीबार केला. शत्रूचा अग्रभागीचा रणगाडा थांबला आणि मी स्वतः धूर पाहिला." धूर पाहिला, इदवाल. मी ते पत्र चॅपलमध्ये वाचून दाखवलं. गेल्या वर्षी तेगीडला बेसूर म्हणून गायनातून काढून टाकणारे म्हातारे डोळे पुसत होते. मग कारखान्याच्या साहेबाच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "मिसेस प्रोसर, तुम्ही बायांसमोर बोललात तर काम दुप्पट होईल." मी बोलले. का बोलू नये? मी तीच गोळी करते. दिवसभर तीच माझ्या हातात असते.

आणि तू म्हणतोस लोक हसले. म्हणजे काय? गोळीनं काम केलं नाही? काल मी तपासणीच्या टेबलावर जाऊन ओल्वेनला धरलं. ती गप्पा मारत मारत गोळ्या पुढे ढकलते, सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणाले, "तुझ्या आळशीपणानं माझा नवरा मेला असेल तर तुला इथंच गाडीन." तिला रडू फुटलं. साहेबानं तिला आठवडाभर घरी बसवलंय.

खरं काय ते सांग. मला मधाचं बोट नको.

एलुनेड


लष्करी रुग्णालय
१२ जुलै

एलुनेड,

आधी त्या पोरीची माफी माग. आज, हे पत्र वाचून झाल्याबरोबर. तुमच्या गोळीत काही खोट नव्हती. जशी घडवली होती तशीच ती उडाली आणि जिथं मारली तिथंच लागली. चूक दुसरीकडेच होती.

मधाचं बोट नको म्हणालीस, तर ऐक.

एक कालवा होता, त्याच्या अलीकडे विटांची भट्टी. भट्टीच्या भिंतीआड आम्ही दोघं. तेगीड रायफलीवर, मी त्याच्या डाव्या बाजूला गोळ्यांच्या पेट्या घेऊन. समोर रस्ता सरळ येतो आणि भट्टीपाशी डावीकडे वळतो. तेगीडनं जागा पाहिली आणि खूश झाला. म्हणाला, "इदू, हे वळताना आपल्याला कूस दाखवणार. तोवर श्वाससुद्धा घ्यायचा नाही."

हे काही त्याचं एकट्याचं डोकं नव्हतं. फ्रान्समध्ये दोन आठवडे काढलेल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. रणगाड्याचं कपाळ सव्वा इंच जाड पोलादाचं असतं. आपली गोळी अगदी जवळून, अगदी सरळ लागली, तर पाऊण इंच फोडते. लांबून त्याहून कमी, तिरकी लागली तर उडून जाते. पण कुशीचं चिलखत पातळ असतं आणि खाली साखळ्या असतात. पन्नास पावलांवरून कुशीत मारली तर आत बसलेल्याचं काही खरं नाही. लांबून समोर मारली तर दारावर टकटक केल्यासारखं.

रणगाडे आले. पुढचा मधल्या आकाराचा. तीनशे यार्डांवर असताना मागून लॅस्कॉम आला, पोटावर सरपटत, तोंड पांढरंफटक.

"प्रोसर, फायर!"

तेगीड म्हणाला, "सर, वळू द्या त्यांना. आता कपाळ आहे समोर, काही होणार नाही."

"मी काय म्हणालो ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं सर. फक्त वळणापर्यंत. सर, दोन मिनिटं."

"मला शिकवतोस? हुकूम आहे हा. नाही मारलीस तर कोर्टासमोर उभा करीन."

तेगीडनं माझ्याकडे पाहिलं. शिव्या देणार असं वाटलं मला. दिल्या नाहीत. गाल रायफलीला लावला आणि चाप ओढला. तिचा दणका तुला माहीत नाही, खांदा काळानिळा होतो, तोंडात रक्ताची चव येते. त्यानं सगळ्या पाच गोळ्या झाडल्या. मी ठिणग्या पाहिल्या. त्या सगळ्या लागल्या, एलुनेड. कपाळावर लागल्या आणि उडाल्या.

रणगाडा थांबला. लॅस्कॉम ओरडला, "थांबवला! थांबवला!" क्षणभर मलाही वाटलं. तो थांबला होता फक्त आमची जागा बघायला. त्याचा तोफेचा घुमट आमच्याकडे वळला. मी दुसरी पेटी लावायला हात उचलला होता, तेवढंच आठवतं.

शुद्ध आली तेव्हा भिंत नव्हती. तेगीड माझ्या पायांवर पडला होता आणि गेला होता. त्याला त्रास झाला नसावा, हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही, मी त्याचा चेहरा पाहिलाय. आणि धूर होता, हो. भट्टीजवळच्या पेंढ्याला आग लागली होती. लॅस्कॉम तोवर कालव्याच्या पलीकडे निसटला होता, तिथून त्यानं तो धूर पाहिला. रणगाडे माझ्यापासून दहा हातांवरून वळले आणि पुढे निघून गेले. वळताना कूस दाखवत गेले.

मी लिहिलं नाही कारण हे लिहायचं नव्हतं. आता लिहिलंय.

इदवाल


नँटवेन
१६ जुलै

इदवाल,

वाचलं.

ओल्वेनच्या घरी जाऊन माफी मागितली. तिनं दार उघडलं आणि आधी एक मुस्काटात दिली, मग आत बोलावून चहा दिला. साहेबालाही सांगून आले, ती परत कामावर आहे. तिचा भाऊ पुढच्या महिन्यात भरती होतोय आणि त्याला हीच रायफल देणार आहेत. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं.

लॅस्कॉमला मी पत्र लिहिलं होतं, आभाराचं. त्याच्यासाठी मोजे विणून पाठवले होते. माझ्या हातचे मोजे घालून फिरत असेल तो.

शनिवारी लंडनहून कोणी मोठा पाहुणा येतोय. कारखान्याच्या अंगणात मांडव घातलाय. मला पुन्हा बोलायला सांगितलंय, तेच भाषण, थोडं लांबवून. साहेब म्हणाला, "त्या धुराचं जरा रंगवून सांगा."

रंगवून सांगते.

एलुनेड


लष्करी रुग्णालय
१८ जुलै

एलुनेड, वेडेपणा करू नकोस!

मी तुला सांगितलं ते तुझ्यापुरतं. तू चारचौघांत, पेपरवाल्यांसमोर ते बोललीस तर तुला धरतील. "भीती आणि निराशा पसरवणे" असा गुन्हाच आहे आता. परवा इथल्या एका स्वयंपाक्याला, जर्मन जिंकतील असं दारूच्या दुकानात बोलला म्हणून उचललं. जर्मन समुद्राच्या पलीकडे उभे आहेत आणि लोकांकडे दुसरं हत्यार नाही. अशा वेळी हे चालत नाही असं कोणी ओरडत नाही.

आजारी आहे म्हणून सांग. घसा बसला म्हण. मला पुढच्या आठवड्यात इथून सोडताहेत आणि प्रशिक्षण छावणीत शिकवायला पाठवताहेत, हीच रायफल. जे सांगायचं ते मी तिथं पोरांना सांगेन. ते माझं काम आहे, माझ्यावर सोड.

इदवाल


नँटवेन
२४ जुलै

इदवाल,

तुझं पत्र सोमवारी आलं. भाषण शनिवारी झालं.

घसा अजिबात बसला नव्हता. मी खोक्यावर चढले. पाहुणा पुढच्या खुर्चीत, मांडीवर टोपी. मी म्हणाले, "मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं, कारण मला खोटं कळवलं होतं. माझ्या नवऱ्यानं रणगाडा जाळला नाही. त्याला लांबून आणि समोरून मारायला लावलं. समोरून ही गोळी काही करत नाही." साहेब उठला, पण मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "बायांनो, तुमचं काम खोटं नाही. गोळी चांगली आहे. जवळून, कुशीत मारली तर ती घुसते. ज्यांची पोरं, भाऊ, नवरे या रायफलीवर आहेत त्यांनी आजच घरी जाऊन पत्र लिहा. लिहा, समोरून मारू नकोस. त्याला जवळ येऊ दे, वळू दे, मग मार. कोणीही हुकूम दिला तरी."

शेवटचं वाक्य नको होतं म्हणे. त्या वाक्यानं घात केला. हुकूम मोडायला चिथावणी. मला खाली ओढलं ते माझ्याच ओळीतल्या फोरमननं, आणि ओढताना तो कानात म्हणाला, "माफ कर पोरी, माझापण मुलगा आहे तिकडे."

मंगळवारी न्यायाधीशापुढे उभी होते. म्हातारा वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, तुम्ही खरं बोललात की खोटं, हा प्रश्न माझ्यासमोर नाही. तुम्ही ते शत्रूच्या कानापर्यंत पोचेल असं बोललात."

मी म्हणाले, "शत्रूला स्वतःच्या रणगाड्याचं चिलखत किती जाड आहे हे माझ्याकडून कळायचं राहिलंय का? ते त्यानंच बनवलंय."

मागे बसलेले लोक हसले. मग तो चिडला. पेपरात जाहीर माफी मागा, नाहीतर महिनाभर तुरुंगात जा, असं म्हणाला. विचार करायला शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय. कारखान्यातून मला काढलंच आहे.

आई माझ्याशी बोलत नाही. पण आज तिनं माझ्या ताटात लीकच्या पातीच्या रश्श्यातला मटणाचा मोठा तुकडा वाढला, रेशनचा अख्खा वाटा.

एलुनेड


प्रशिक्षण छावणी
२६ जुलै

एलुनेड,

हे पत्र शुक्रवारच्या आत पोचणार नाही हे माहीत आहे, तरी लिहितोय. माफी माग. चार ओळी छापायच्या आणि मोकळं व्हायचं. तेगीड असता तर त्यानं हेच सांगितलं असतं. तो माफी मागण्यात वस्ताद होता, रोज एकदा तुझी मागायचा.

मी रागावलोय तुझ्यावर, खरंच. तुझ्यामुळे इथं माझ्यावर आधीच नजर आहे. मेजर म्हणाला, "कॉर्पोरल, तुमची बहीण पेपरात येते म्हणे." शिकवायच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच शिकवायचं, असा दम दिला. पुस्तिकेत काय आहे? खांदा कसा ठेवायचा, रायफल कशी पुसायची. कुठं मारायचं त्याबद्दल एक चित्र आणि दोन ओळी.

पण एक गोष्ट सांगतो. काल नवी तुकडी आली, बरीचशी आपल्या दरीतलीच पोरं. मी रायफल मांडली आणि म्हणालो, "पहिली गोष्ट." एका लांबड्यानं हात वर केला. "कॉर्पोरल, माझी आई म्हणते समोरून मारायचं नाही."

सगळे हसतील असं वाटलं. दुसरा म्हणाला, "माझी बायकोपण तेच म्हणते." तिसरा म्हणाला, "माझी मावशी." रांगेत निम्म्यांकडे पत्रं होती, एलुनेड. मला फ्रान्सनंतर पहिल्यांदा हसू आलं. इतकं आलं की खांद्याची जखम दुखायला लागली.

मेजरला मी म्हणालो, "सर, आता लपवून उपयोग नाही. दोन पोलादी पत्रे उभे करू द्या, एक जाड, एक पातळ." तो मिशा ओढत म्हणाला, "मी आज दुपारी गावात जाणार आहे. मला काही दिसणार नाही." भंगारातून सव्वा इंची पोलाद मिळवलं, अर्धा इंचीही मिळवलं. पोरांना तीनशे यार्डांवरून जाडावर मारायला लावलं. पाठोपाठ सगळ्यांनी मारलं, खांदे धरून बसले. मग त्यांना पत्र्याजवळ नेलं. पोलादावर नुसत्या खळ्या, बोट फिरवलं तर लागतील एवढ्या. मग पातळ पत्रा, जवळून. आरपार. त्या लांबड्यानं भोकात बोट घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

तेव्हा माफी माग. काम होतंय. तुझ्या तुरुंगात जाण्यानं त्यात काही भर पडणार नाही.

इदवाल


महिला तुरुंग
९ ऑगस्ट

इदवाल,

माफी मागितली नाही. तुला ते माहीतच होतं.

इथं ठीक आहे. तरट शिवायला देतात. सोबतीला एक म्हातारी आहे, ब्लॅकआउटमध्ये खिडकीला पडदा लावला नाही म्हणून आली. दिवसभर माझं डोकं खाते, पण चांगली आहे. सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे.

काल भेटीला कोणी आलंय म्हणून बोलावलं. वाटलं आई आली असेल. गणवेशातला एक तरुण उभा होता, काखेत काठी, एक पाय ओढत. म्हणाला, "मिसेस प्रोसर, मी लॅस्कॉम."

तो इतका लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या मनात त्याला मोठ्या मिशा होत्या. हा पंचविशीचासुद्धा नसेल, इदवाल. मध्ये टेबल नसतं तर मी त्याच्या अंगावर गेले असते. पहारेकरीण माझ्या मागेच उभी होती.

तो म्हणाला, "मी पेपरात वाचलं. तुम्ही इथं आहात ते माझ्यामुळे."

मी म्हणाले, "मी इथं आहे ती माझ्या तोंडामुळे. तेगीड जिथं आहे तो तुमच्यामुळे. किती यार्ड होतं?"

"काय?"

"अंतर. किती होतं?"

"तीनशे. थोडं जास्तच."

"त्यानं तुम्हाला सांगितलं होतं ना, वळू द्या म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

त्यानं तोंड खाली घातलं. मी ओरडले, "मग? बोला की! हुकूम द्यायला कसं तोंड होतं?"

तो म्हणाला, "मी घाबरलो होतो. नुसतं पडून राहणं मला सहन होईना. काहीतरी आवाज व्हायला हवा होता. आपल्या बाजूनं."

"आणि धूर?"

"धूर मी पाहिला. तो रणगाड्याचा असावा असं मला हवं होतं. पत्र लिहीपर्यंत माझी खात्री पटली होती."

मग तो माफी मागायला लागला. डोळ्यात पाणी वगैरे. मी म्हणाले, "थांबा. ती मला नको. इथं भिंतींना सांगून काय उपयोग? माझा भाऊ छावणीत पोरांना हीच रायफल शिकवतो. तिथं जा. त्यांच्यापुढे उभे राहा आणि आत्ता मला जे सांगितलंत ते जसंच्या तसं सांगा. तुमच्यासारखे अधिकारी समोर बसलेले असताना सांगा. मग माफीचं बघू."

तो म्हणाला, "त्यानंतर माझी नोकरी राहणार नाही."

मी म्हणाले, "तेगीडचं काय राहिलंय?"

काठी टेकत गेला. येईल असं मला वाटत नाही. आला तर त्याला मारू नकोस. मारावंसं वाटेल.

एलुनेड


प्रशिक्षण छावणी
२९ ऑगस्ट

एलुनेड,

तू सुटून घरी पोचलीस का ते कळव.

तो आला. आज सकाळी, स्टेशनवरून पायी, त्या लंगड्या पायानं. मला पाहून थांबला. मी सलाम केला नाही. त्यानंही तशी अपेक्षा केली नाही. मेजरला भेटला. आत काय बोलले माहीत नाही, पण मेजर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल होता. म्हणाला, "कॉर्पोरल, पोरांना गोळा करा. नवे अधिकारीसुद्धा. सगळे."

मैदानात दीडशेएक माणसं बसली. लॅस्कॉम त्या जाड पत्र्यापाशी उभा राहिला. आवाज सुरुवातीला येईना. मागून कोणी ओरडलं, "मोठ्यानं, सर!" मग त्यानं सांगितलं. भट्टी, रस्ता, वळण. तेगीडचं नाव पूर्ण घेतलं. "त्यानं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी घाबरलो होतो." हे वाक्य त्यानं दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा अधिकाऱ्यांकडे बघून. एक तरुण लेफ्टनंट मान वळवून दुसरीकडे पाहायला लागला.

मी मुठी खिशात घालून उभा होतो. तू लिहिलं होतंस म्हणून. तरीही पुढे गेलो असतो, खरं सांगतो. पण तेवढ्यात ओल्वेनच्या भावानं, हो, तो इथंच आहे, माझ्याच तुकडीत, हात वर केला.

"सर, एक विचारू? तो सरळच येत राहिला, वळलाच नाही, आणि माझ्याजवळ फक्त ही रायफल असेल, तर काय करू?"

लॅस्कॉमनं माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर देणार नव्हतो. ते त्यालाच द्यायचं होतं.

तो म्हणाला, "खड्ड्यात पडून राहा. त्याला अंगावरून जाऊ दे. गेला की मागून मार. मागचा पत्रा सगळ्यात पातळ असतो."

"आणि कॅप्टन म्हणाला आत्ताच मार, तर?"

मेजर जमिनीकडे बघत होता. लॅस्कॉम म्हणाला, "तर त्याला म्हण, तू स्वतः ये आणि चाप ओढ."

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. हस्तांदोलनासाठी त्यानं हात पुढे केला. मी तो घेतला नाही. अजून घेता येत नाही, एलुनेड. पण स्टेशन दोन मैलांवर होतं आणि ऊन चढलं होतं, म्हणून मी छावणीतल्या दुधाच्या गाडीवाल्याला हाक मारली आणि त्याला तिच्यावर बसवून दिलं.

इदवाल